खोटी कॉइल

बायामो, ८ फेब्रुवारी १९९८

प्रिय इराइदा,

तू ठणठणीत असशील, हॉस्पिटलातल्या पाळ्या अंगावर आल्या नसतील आणि व्हॅलेन्सियाच्या थंडीत तुझं नाक गळत नसेल, असं धरून लिहिते. आम्ही सगळे ठीक. हे पत्र शेजारच्या नेलिदाबरोबर पाठवते आहे. ती तिच्या मुलीकडे माद्रिदला चालली आहे. तिथून टपालात टाकेल. बरोबर मोठा डबा भरून गुळाची वडी न्यायची म्हणत होती. विमानतळावर काय होईल ते होवो.

तू पाठवलेले लोकरी मोजे मिमाला फार आवडले. घालते का, ते विचारू नकोस. आपली आई चांगली वस्तू कपाटात ठेवून तिच्याकडे बघत बसते, हे तुला ठाऊक आहे. ती बरी आहे. साखर कधी वर, कधी खाली. जरा लंगडते. पापा नेहमीसारखेच. निवृत्त होऊनही रोज सकाळी घोडागाडीत मागच्या फळीवर बसून आमच्या संशोधन केंद्रात येतात, आणि गाडीवाल्याला चाकाच्या घर्षणावर व्याख्यान देतात. परवा गाडीवाला म्हणाला, "मास्तर, घोड्याला कळतंय तेवढं पुरे, मला नका समजावू."

आता कामाचं. तुला आवडणार नाही, तरी वाच.

पापांचं यंत्र आता प्रांतातल्या सगळ्या दवाखान्यांत जाणार आहे. आमचे संचालक डॉक्टर फेरेर हल्ली जमिनीवर चालतच नाहीत. न भरणाऱ्या जखमेभोवती कॉइल बसवायची, तारेतून थोडी वीज सोडायची, आणि त्या मंद चुंबकी क्षेत्रात पेशी जाग्या होऊन जखम भरते, हे आपल्या घरात इतकं बोललं गेलंय की मी पुन्हा सांगत नाही. फक्त राजधानीतल्या समितीला एक शेवटचा पुरावा हवा आहे. तोही माणसावरचा नको, नुसत्या पेशींवरचा हवा. म्हणजे माझ्यावर आलं.

माझं काम सोपं आहे. काचेच्या बशीत माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवायच्या. त्यांची एकसंध चादर झाली की मधोमध सुईने रेघ ओढायची. ती जखम. पेशी दोन्ही काठांकडून सरकत येतात आणि रेघ बुजवतात. एक बशी कॉइलच्या आत ठेवायची, एक बाहेर. आतली रेघ दर वेळी आधी बुजते. दर वेळी, इराइदा! फेरेरनी मला सगळ्यांदेखत मिठी मारली, आणि पापांनी फक्त चष्मा पुसला. तुला माहीत आहे, पापा चष्मा पुसतात तेव्हा काय असतं ते.

पण परवा बशी काढताना माझा हात कॉइलला लागला. ऊबदार होती. चटका बसेल इतकी नाही. कुणी नुकतंच उठून गेलेल्या उशीइतकी. मी थांबले. आपल्या कॉइलींच्या तारा जुन्या रशियन मोटारी सोडवून काढलेल्या, बारीक. वीज सोडली की तापणारच. मग मी दुसरा थर्मामीटर आणून, दोन्ही बश्या ज्या उबदार पेटीत असतात त्या इन्क्युबेटरमध्ये ठेवला. त्याच्या दाराचं रबर कधीचंच गेलंय. बाहेरचा काटा सदतीस दाखवतो, आत मात्र दोन अंश कमी. म्हणजे बाहेरच्या बशीतल्या पेशी कुडकुडत होत्या आणि कॉइलमधल्या पेशींना शेकोटी मिळाली होती.

कदाचित चुंबकही काही करत असेल. कदाचित नुसती ऊबच असेल. यातलं काय, हे ओळखायचा एक मार्ग आहे. दोन तारा जोडीने गुंडाळायच्या आणि एकीतून वीज या बाजूने, दुसरीतून उलट बाजूने सोडायची. दोघींचं चुंबकत्व एकमेकींना खाऊन टाकतं, ऊब मात्र तेवढीच राहते. दिसायला हुबेहूब खरी, पण खोटी कॉइल. तिच्यातली रेघसुद्धा तितक्याच लवकर बुजली तर निकाल लागला.

मी फेरेरना सांगितलं. ते म्हणाले, "मारित्सा, लग्न लागल्यावर नवरी शोधायला निघालीस का?"

मी म्हटलं, "डॉक्टर, नवरी खरी असेल तर बुरखा उचलायला काय हरकत आहे?"

ते हसले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत. समितीला द्यायच्या अहवालावर माझी सही लागते, आणि ती मी तूर्त दिलेली नाही.

पापांना यातलं काही सांगितलेलं नाही. खोटी कॉइल मीच गुंडाळणार आहे. तू चार वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर जे बोललीस, आणि ज्यावरून पापा ताट टाकून उठले, ते माझ्या डोक्यात हल्ली सारखं येतं. त्याबद्दल आज लिहीत नाही.

तुझी
मारित्सा


बायामो, १९ मे १९९८

माझ्या इराइदा,

हे पत्र प्रांतिक हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे, म्हणजे अक्षर असं का ते कळेल. घाबरू नकोस, आधी सगळं वाच, मग घाबर.

मागच्या पत्रात मिमा जरा लंगडते असं लिहिलं होतं. पुरतं खरं नव्हतं. तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम होती. मधुमेहाची तीच ती, पूर्वी डाव्या पायाला झाली होती तशी. तू पाठवलेले मोजे कपाटात होते कारण पट्टीवरून ते चढत नव्हते. तुला सांगायचं नाही, असं तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं. "ती तिकडे एकटी आहे, रडत बसेल," म्हणाली. पापा रोज सकाळ-संध्याकाळ तिचा पाय कॉइलमध्ये ठेवत होते. डाव्या पायाची जखम तशीच भरली होती ना! त्या वेळी तिला अँटिबायोटिकही चालू होतं आणि महिनाभर पाय खाली टेकू दिला नव्हता, हे तू टेबलावर म्हणालीस, तेच पापांना झोंबलं होतं.

आता क्रमाने सांगते.

मी कॉइल गुंडाळायला घेतली आणि माझी फजिती झाली. दोन तारा एकमेकींशेजारी, कुठेही न चढता, न सुटता बसायला हव्यात. एका रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिसऱ्यांदा सोडून पुन्हा गुंडाळत होते, तर पापा हातात प्रू सरबताचा ग्लास घेऊन आत आले.

"हे काय? चिमणीचं घरटं?"

"कॉइल आहे."

"दोन तारा कशाला?" असं विचारलं आणि उत्तर येण्याआधीच त्यांना कळलं. तुला माहीत आहे, विजेतलं काहीही त्यांना दोनदा सांगावं लागत नाही. ग्लास टेबलावर ठेवला. एक तार उचलून पाहिली.

"हे इराइदाने लिहून पाठवलं तुला?"

चार वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. मी म्हटलं, "नाही पापा. तिला काही माहीत नाही. माझा हात कॉइलला लागला. गरम होती."

"गरम असणारच. तार आहे ती."

"हो ना. मग पेशींना काय आवडलं, चुंबक की ऊब, ते मला बघायचंय."

ते अंगणात निघून गेले. मला वाटलं, आता माझंही नाव घरात बंद. मी तार सोडवत बसले. थोड्या वेळाने परत आले ते बाह्या सरसावून, चष्मा लावून.

"सरक तिकडे. असली कॉइल घेऊन गेलीस तर लोक म्हणतील एवेलिओ देस्पेन्यच्या मुलीला तार गुंडाळता येत नाही."

तो सगळा दिवस त्यांनी गुंडाळली. मी फक्त रीळ धरून होते. दोन तारा अशा बसवल्या की बोट फिरवलं तर एकच पट्टी वाटावी. जेवायला उठले नाहीत. मिमाने राजमा घातलेल्या कांगरी भाताची थाळी शेजारी आणून ठेवली, ती तशीच गार झाली. शेवटी वरून कापडी पट्टी गुंडाळून त्यांनी ती खऱ्या कॉइलशेजारी ठेवली, आणि मला खरंच सांगता येईना कुठली कुठली.

"हीच आहे," पापा म्हणाले, "जी मला खोटं ठरवू शकते." मग पट्टीवरून बोट फिरवून, "सुबक झालीय."

मी त्यांच्या गळ्यात पडणार होते, पण त्यांनी पक्कड पुढे केली. "ही जागेवर ठेव."

केंद्रात मी कॉइलींची जोडणी ओस्मानीकडे दिली. तो आमचा विजेचा तंत्रज्ञ. कुठल्या कॉइलमधून कसली वीज जाते ते फक्त त्याला माहीत. मी नुसत्या बश्या ठेवायच्या, काढायच्या आणि रेघा मोजायच्या. तिसरी बशी कॉइलविना. चौथीही कॉइलविना, पण कोमट पाण्याने कॉइलइतकीच उबदार ठेवलेली. पुन्हा पुन्हा केलं. मे उजाडला.

मधल्या काळात मिमाच्या अंगठ्याचा रंग बदलला. मला वास आला. मी सरळ म्हटलं, "मिमा, उद्या हॉस्पिटल."

ती वाटाणे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दार लाव."

मी लावलं.

"तुला काय वाटतं, मला कळत नाही? माझा पाय आहे. मी त्या कॉइलमध्ये पाय ठेवते तो पायासाठी नाही ठेवत गं. तुझे पापा माझ्यासमोर स्टुलावर बसतात, बटण फिरवतात, विचारतात, बेर्ता, बरं वाटतंय? मी म्हणते, हो. दिवसभरात तेवढा एकच वेळ त्यांचा चेहरा सुटतो. इराइदा गेली तेव्हापासून. मी हॉस्पिटलात गेले की त्यांच्याकडे काय राहील?"

"आणि तू मेलीस तर काय राहील?" मी ओरडलेच. आईशी असं बोलू नये, पण बोलले.

तिने वाटाण्याचं भांडं बाजूला ठेवलं. "मग तू सांग त्यांना. माझ्या तोंडून ते येणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी ओस्मानीला म्हटलं, आजच उघड करायचं. अजून एक फेरी बाकी होती, पण निकाल एका फेरीने हलणार नव्हता. पापांना बोलावलं. फेरेर नव्हते, त्यांना नंतर कळवलं, त्याचा राग त्यांनी धरला आहे. टेबलावर माझी मापं होती, आणि ओस्मानी एकेक बशी सांगत गेला: ही खरी, ही खोटी, ही खरी. खरी आणि खोटी यांच्यात काडीचा फरक नव्हता. दोन्हींत रेघा सारख्याच बुजल्या होत्या. कोमट पाण्यातलीसुद्धा तशीच. मागे पडली होती ती फक्त थंड राहिलेली बशी.

पापांनी मापं स्वतः पुन्हा तपासली. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. ओस्मानी बिचारा खिडकीबाहेर बघत होता.

"ऊब होती तर," पापा म्हणाले.

"या प्रयोगात तरी, पापा."

"या प्रयोगावरच यंत्र उभं आहे." ते उठले आणि खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. एकाएकी त्यांनी विचारलं, "मारित्सा, तुझ्या आईचा पाय... तू पाहिलास?"

"पाहिला. काळा पडतोय."

"मला ती म्हणते बरं वाटतं."

मी मापांचे कागद गोळा करत राहिले. कसं सांगायचं ते रात्रभर जुळवलं होतं, पण त्यातलं काही लागलं नाही. त्यांना कळलं. चेहऱ्यावरून कळत होतं की अंगठ्यापेक्षाही हे त्यांना जास्त लागलं आहे.

घोडागाडीची वाट न बघता ते घरी चालत निघाले, भर दुपारच्या उन्हात. मी मागून धावत होते. घरात शिरले, मिमासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बेर्ता, चल. हॉस्पिटल."

"कॉइल?" ती म्हणाली.

"कॉइल गरम होते, बाई. बस्स, गरम होते. मधुमेहाच्या पायाला तर ऊबही नको. तुला भाजलं असतं तरी कळलं नसतं." आणि मग, इराइदा, तुझे-माझे पापा मिमापुढे गुडघ्यावर बसले आणि तिच्या पायाची पट्टी स्वतः सोडायला लागले. दोघंही रडत नव्हती. मीच रडत होते, दारात उभी राहून, मूर्खासारखी.

आज सकाळी ऑपरेशन झालं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. सर्जन म्हणाले, पाय वाचेल असं वाटतं. अजून काही आठवडे गेले असते तर गुडघ्यापर्यंत गेला असता. तुझ्याकडे ते ड्रेसिंगचं सामान असेल ना, जे इकडे मिळत नाही? कुणाबरोबर तरी पाठव. आणि मला रागाव. तुला आधी कळवायला हवं होतं.

आत हाक मारताहेत.

मारित्सा


बायामो, २ ऑगस्ट १९९८

इराइदा, माझ्या जिवाच्या बहिणी,

तुझं खोकं पोचलं. एकही गोष्ट वाटेत गेली नाही, हा चमत्कारच. मिमाची जखम कोरडी झाली आहे. ती कठड्याला धरून चालायला शिकते आहे आणि फिजिओथेरपीच्या पोराला सांगते, "मी कार्निव्हलमध्ये तुझ्या आजोबांबरोबर नाचलेय, मला चालायला नको शिकवूस." तुझ्या रागाचं पत्रही पोचलं. सगळं वाचलं. बरोबर आहे तुझं.

केंद्राचं सांगायचं राहिलं आहे.

फेरेरनी मला बोलावलं. दार लावून घेतलं, स्वतः कॉफी ओतली. म्हणाले, "खोट्या कॉइलची मापं अहवालात नको. इन्क्युबेटर खराब आहे म्हणतेस ना? मग ती मापं तशीही बाद."

"मग खऱ्या कॉइलचीही बाद. एकाच इन्क्युबेटरमधली आहेत."

"मारित्सा, ऐक. दवाखान्यांत मलम नाही, औषध नाही. माणूस जखम घेऊन येतो आणि आपण त्याला रिकाम्या हाताने परत पाठवतो. निदान हे यंत्र तरी असेल."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. म्हणूनच मला उत्तर द्यायला जड गेलं. मी म्हटलं, "रिकाम्या हाताने गेलेला माणूस दुसरं दार ठोठावतो, डॉक्टर. यंत्र घेऊन गेलेला घरी बसतो. माझी आई बसली होती."

"आणि तुझे वडील? त्यांचं सगळं आयुष्य तू चौकात उभं करणार?"

"ते त्यांना विचारा."

विचारायची वेळ आलीच नाही. समितीची माणसं आली त्या दिवशी मी सगळी मापं वाचली, चारही बश्यांची. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, ही खोटी कॉइल नीट बनवली होती कशावरून? हौशी माणसाने गुंडाळली तर अशा गोष्टी बिघडतात.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. पापा. इस्त्रीचा पांढरा ग्वायाबेरा शर्ट घालून, केस पाण्याने बसवून.

"ती मी गुंडाळली. एवेलिओ देस्पेन्य. पहिली खरी कॉइलसुद्धा मीच गुंडाळली होती. दोन्ही इथे आहेत. सोडवून बघायच्या तर बघा. चूक सापडली तर मला सांगा, माझ्या मुलीला नाही. ती मापं बरोबर घेते."

ज्याने विचारलं होतं त्याने उठून त्यांचा हात हातात घेतला. पापांना ते फारसं आवडलं नाही.

यंत्र थांबलं. दवाखान्यांत जाणार नाही. पेशींचं काम फेरेरनी माझ्याकडून काढलं आहे. मी सध्या गोदामात रसायनांच्या बाटल्या लावते. काही लोक व्हरांड्यात मला बघून बोलणं थांबवतात. ओस्मानी मात्र रोज माझ्या टेबलावर एक रोस्किता बिस्कीट ठेवून जातो, आणि विचारलं तर म्हणतो, "मी? छे, उंदरांनी आणलं असेल."

पण मी बाटल्या लावत बसणार नाही. समितीने सांगितलंय की हा प्रयोग दुसऱ्या शहरात, चांगल्या इन्क्युबेटरमध्ये परत व्हायला हवा, आणि तो मीच करावा. फेरेरनी त्याला आडकाठी केली तर मी त्यांच्याविरुद्ध अर्ज करीन. करीनच. कॉइलींना या वेळी आतून थंड पाण्याची नळी आहे, म्हणजे ऊब पेशींपर्यंत पोचणारच नाही. जे उरेल ते चुंबकाचं.

पापांना मी विचारलं, काही उरेल असं वाटतं तुम्हाला? ते म्हणाले, "पक्ष्यांना दिशा कळते, त्यांच्या अंगात कुठेतरी पेशीच आहेत ना? मी काही नाहीच असं म्हणणार नाही. मी म्हणेन, आम्ही अजून पाहिलेलं नाही. हे वाक्य मला आधी यायला हवं होतं."

आजचं पत्र मी लिहायला बसले तेव्हा ते शेजारी येऊन बसले. म्हणाले, स्वतः लिहिलं तर तीन ओळींत भांडण होईल, तू लिही. मग सांगायला लागले आणि दोन वाक्यं मला खोडायला लावली. शेवटी एवढंच म्हणाले, "तिला लिही की दाराची कडी काढून ठेवलीय. आणि तिकिटाचं ती बघेल, पण यायचं ते डिसेंबरमध्ये, डास कमी असतात."

मी तसंच लिहिलं आहे, शब्द बदललेला नाही. माझ्याकडून एवढंच: मी सोमवारी बस पकडते, दोन कॉइली मांडीवर घेऊन. दिसलं तर दिसलं म्हणेन, नाही दिसलं तर नाही म्हणेन, आणि या घरात आता दोन्ही बोलता येतं.

तुझी, आणि आज पापांच्याही वतीने,
मारित्सा देस्पेन्य